पहिल्या घराची मनकर्णाबाई

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सातपुते लेआउट आहे. तिथलं पहिलं घर मनकर्णाबाईचं. ती आणि तिचा नवरा पुंजाराम इथं आले तेव्हा चहूकडे तुरी उभ्या होत्या. ना रस्ता, ना लाइट. घरामागच्या तुकड्यात दोघांनी मोगरा आणि शेवंती लावली, फुलं विकून एकेक खोली वाढवली. लेआउटमध्ये विजेचे खांब आले तेही मनकर्णाबाईनं विजेच्या ऑफिसात ठाण मांडलं म्हणून. "हे माहं लेआउट हाय," ती म्हणे, आणि कोणी हसत नसे.

शेजारच्या पडीत वावरात सात मजली अपार्टमेंट होणार असा बोर्ड लागला, तेव्हा सगळ्यात आधी तीच पेटली. "आमचं ऊन अडवतीन हे. अन् पानी? उन्हाळ्यात आमचेच बोअर आटतेत." बँकेतून रिटायर झालेल्या महादेवरावांनी रविवारी मारुतीच्या मंदिरात मीटिंग बोलावली. पहिल्या घराची म्हणून मनकर्णाबाईनंच बोलावं असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी हार ओवता ओवता तिनं हे रागिणीला सांगितलं. रागिणी तिची एकुलती लेक, अकोल्याच्या दवाखान्यात नर्स. नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून माहेरीच राहत होती.

रागिणीनं सुई खाली ठेवली. "आई, मी त्याच अपार्टमेंटमंदी फ्लॅट पाहून राहिली."

"काहून? या घरात जागा कमी पडते का वं तुले?"

"जागा लय हाय. पन हे घर तुहं हाय. मले माहं पाहिजे. शहरात एकट्या बाईले कोनी खोली देत नाही. इथं तू हाकेवर तरी राहशीन."

मनकर्णाबाईला आधी रागच आला. लोक म्हणतील, आईबापानं पोर घराबाहेर काढली. पण हार पुरा होईतो तिला आपलंच बोलणं आठवलं. सासरच्या भरल्या घरातून निघताना सासूनं हाच प्रश्न केला होता आणि तिनंही हेच उत्तर दिलं होतं, याच ठसक्यात. लेक आपल्यावरच गेली! राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी मंदिर भरलं. महादेवराव म्हणाले, "आपलं शांत लेआउट. फ्लॅटमंदी कोन कुठले लोक येतीन, काही ठिकाना नाही. बोला मनकर्णाबाई."

ती पदर खोचून उभी राहिली. "कोन येतीन म्हनता ना भाऊ? माही पोरगी येईन. सोताच्या कमाईनं येईन."

"एकटी?" मागून कोणीतरी विचारलं.

"हो, एकटी. रातपाळी करून लोकायचे जीव सांभाळते पोरगी, कोनाले भेईन? अन् तुमी राहाले आले तवा मी कोनाले इचारलं का, कोन कुठले म्हनून? लोकायले नाही म्हनू नका. पान्याचं इचारा, नालीचं इचारा. त्याच्यासाठी मी सगळ्यायच्या पुढं चालीन."

महादेवरावांना ते रुचलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. बाकीच्यांना मात्र पटलं. दहा-बारा जण तिच्यामागून बिल्डरकडे गेले. हेलपाटे बरेच झाले, पण शेवटी त्यानं स्वतःची वेगळी पाइपलाइन आणि बंदिस्त नाली कबूल केली, आणि केलीही. मजले काही कमी केले नाहीत. दुपारनंतर मोगऱ्यावर सावली पडते आणि त्यापायी मनकर्णाबाई बिल्डरला अजून शिव्या घालते.

बिल्डिंग बांधून झाल्यावर अक्षयतृतीयेला रागिणी तिथं तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. महिनाभरानं बार्शीटाकळीहून जाऊबाई आली. चहा पिता पिता तिनं हळूच विचारलं, "लेक येगळी राहते म्हने? लोक काय काय बोलून राहिले गावात."

मनकर्णाबाईनं तिला कप खाली ठेवू दिला, हाताला धरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये नेलं आणि लिफ्टनं वर आणलं. दारावर पितळी पाटी होती, तीवर फक्त रागिणीचं नाव.

"वाच," मनकर्णाबाई म्हणाली. "मोठ्यानं वाच. अन् गावात गेल्यावर सांग सगळ्यायले."