कवळीकाकांचा डावा डोळा

कवळीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. दातांच्या एका दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत गेली एकतीस वर्षं ते कवळ्या बनवतात. पुढे डॉक्टरीणबाई दात काढतात, मागे काका दात घडवतात, आणि मधे एक जाड पडदा आहे. खोलीतल्या तीन फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडून ठेवलेले असतात. नवखा माणूस ते बघून दचकतो. काकांना मात्र त्यांचा सहवास आवडतो. हे लोक हलत नाहीत आणि तोंड उघडं असूनही बोलत नाहीत.

फोटोचा नाद त्यांना याच दोन गुणांच्या ओढीने लागला असावा, असं त्यांच्या बायकोचं मत आहे.

नाद जुना होता आणि प्रामाणिक होता. सुट्टीच्या दिवशी काकांच्या गळ्यात कॅमेरा नसेल तर शेजारी तब्येतीची चौकशी करत. फोटो काढताना "हसा" म्हणायची जी सार्वत्रिक पद्धत आहे, ती त्यांना मंजूर नव्हती. हसणं ही भावना झाली, ती काय, येईल तेव्हा येईल. दात ही वस्तू आहे. म्हणून ते कॅमेरा उजव्या डोळ्याला लावत, डावा डोळा गच्च मिटत आणि हुकूम सोडत, "दात!" की समोरच्याने जिथे असेल तिथे थांबायचं आणि दात दाखवायचे. त्यातही काका पारख करायचे. "वहिनी, खालचे झाका. फक्त वरचे." वहिनी निमूटपणे खालचे झाकत, कारण वरचे काकांनीच करून दिलेले होते.

यामुळे घरात प्रत्येक गोष्ट निदान दोनदा व्हायची. पाहुण्यांनी दारातून आत यायचं, पुन्हा बाहेर जायचं आणि आल्याचा आनंद चेहऱ्यावर ठेवून परत आत यायचं. मुलीच्या सातव्या वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्या सात वेळा फुंकून झाल्या. आकडा जुळला म्हणून ते खपून गेलं. वाढलेल्या ताटाला फोटो होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. त्या घरात गरम जेवण मिळायचं ते काका घरी नसले की.

तर अशा घरात काकांची मुलगी दोन महिन्यांसाठी माहेरी आली, आणि तिच्याबरोबर आली अकरा महिन्यांची टिल्ली.

टिल्ली आली तेव्हा तिला दोन दात होते. काकांच्या दृष्टीने ही फार मोठी घटना होती. आयुष्यभर त्यांनी दात गेलेली माणसं बघितली, दात येणारं माणूस इतक्या जवळून बघायची वेळ फार वर्षांनी आली होती. पहिल्या दिवसापासून कॅमेरा वर, डावा डोळा बंद, "दात!" आणि फोटो मनासारखा आला की अर्धं बिस्किट. पोरगी हुशार निघाली. आठवड्याभरात ती कॅमेरा दिसताच असेल तिथे बसकण मारायला लागली. मान किंचित तिरपी, ओठ मागे, दोन दात पुढे. काका धन्य झाले. "बघ, बघ, रक्तातच आहे!" ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "बिस्किटात आहे."

मुलीचा परतीचा दिवस रविवार ठरला. त्याआधीच्या मंगळवारी काका दवाखान्यातून घरी आले, तर बायको दारातच उभी.

"चालली!"

"कोण?"

"कोण म्हणजे? टिल्ली! ओट्यापासून थेट मोरीपर्यंत. कशाला धरायचं नाही, काही नाही."

"आणि मला बोलावलं नाहीत?"

"बोलावलं असतं हो. पण तुम्ही येईपर्यंत तिला एक पाय उचलून उभं कसं ठेवायचं, ते सुचेना."

काकांनी बूट काढले नाहीत, पिशवी ठेवली नाही, आधी कॅमेरा घेतला. टिल्ली खुर्चीला धरून उभी होती. तिने आजोबांकडे पाहिलं, खुर्ची सोडली, आणि काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. ती खाली बसली. मान तिरपी केली आणि दात दाखवले. एव्हाना ते सहा झाले होते.

बुधवारी ती खालच्या मजल्यावरच्या आजींसमोर चालली. गुरुवारी सकाळी दारात आलेल्या पेपरवाल्यासमोर चालली. तो तर काकांना जिन्यात थांबवून म्हणाला, "झकास चालते हो नात तुमची. जरा डावीकडे झुकते, पण झकास." काका "हो, हो" म्हणाले. सख्ख्या नातीच्या चालीबद्दल पेपरवाल्याकडून माहिती घ्यावी लागणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. रविवारी अकरा वाजता टॅक्सी येणार होती. पुन्हा मुलगी यायची म्हणजे वर्ष तरी जाणार, आणि तोवर ही पोरगी पळत येईल. पहिली पावलं बघायला मिळतात ती याच दिवसांत. काकांना ती बघायची होती, आणि अर्थातच फोटोत धरायची होती. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ते खिडकीच्या पडद्यामागे लपले. पडदा घोट्यापर्यंतच होता. टिल्लीने लांबूनच आजोबांची पावलं ओळखली, रांगत आली, पडदा उचलला, बसली आणि दात दाखवले. शुक्रवारी त्यांनी दवाखान्यातून अर्धी रजा घेतली. कॅमेरा स्टँडवर चढवून दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी व्यवस्था केली आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसले. तासाभराने उघडून बघितलं, तर तीनशे साठ फोटो. त्यांतल्या तीनशे बावन्न फोटोंत टिल्ली स्टँडसमोर बसून दात दाखवत होती. उरलेल्या आठांत ती वळून बिस्किट कुठे आहे ते बघत होती.

"बाबा," मुलगी शेवटी म्हणाली, "ती तुमच्यासमोर चालणार नाही. तुम्हीच शिकवलंय तिला, आजोबा दिसले की थांबायचं."

"मी थांब असं कधी म्हटलं? मी फक्त दात म्हणतो."

"मलाही तेच म्हणायचात." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालताच तिने विचारलं, "शाळेतला तो माझा फोटो आहे ना, स्टेजवरचा? कविता म्हणतानाचा?"

"आहे की! काय प्रकाश आहे त्यात! तुझा पुढचा दात नुकता पडला होता."

"कोणती कविता म्हणत होते?"

काका उठले, अल्बम काढला, फोटो नाकाशी धरून बराच वेळ पाहिला. "तोंडाचा आकार बघता," ते म्हणाले, "आ असावा. किंवा हा."

मुलगी हसली. हसताना तिचे वरचे दात दिसले, पण काकांचं लक्ष तिकडे गेलं नाही. त्यांना त्या दिवशीचा प्रकाश आठवत होता, पहिल्या रांगेतला उंच माणूस आठवत होता, त्याला खाली बसवायला केलेली बाचाबाची आठवत होती. मुलीचा आवाज काही केल्या आठवेना. त्यांनी अल्बम मिटला. मग उठले, कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

बायकोने किल्लीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "बरं नाही का वाटत?" तिने विचारलं.

मग काका रिकाम्या हातांनी टिल्लीसमोर जमिनीवर बसले. टिल्ली कपाटाला धरून उभी राहिली. काका टक लावून बघायला लागले. टिल्लीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि शांतपणे खाली बसून दात दाखवले.

"आता काय झालं? आता तर कॅमेरा नाही!"

"अहो, डोळा!" बायको दारातून ओरडली.

"कसला डोळा?"

"डावा! मिटलाय तुमचा डावा डोळा!"

काकांनी हात लावून पाहिला. खरंच मिटलेला होता. त्यांनी तो उघडला. टिल्ली उठून उभी राहिली, हात सोडणार असं वाटलं, काकांनी मन लावून पाहिलं आणि डोळा आपला आपण मिटला. कॅमेऱ्यात एक डोळा, दवाखान्यात कवळीची मधली रेघ नाकाच्या रेषेत आली की नाही ते बघायलाही एकच डोळा. तीस-एकतीस वर्षं जगातलं जे जे बघण्यासारखं, ते काकांनी एका डोळ्याने बघितलं होतं. दोन डोळे ते फक्त रस्ता ओलांडताना वापरायचे.

शनिवारी त्यांनी कामावर सराव करायचं ठरवलं. त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका मेणातली कच्ची कवळी लावून बघायला आल्या होत्या. काकांनी निग्रहाने दोन्ही डोळे उघडे ठेवले. मधली रेघ त्यांना एकदा इकडे दिसली, एकदा तिकडे. डावी पापणी थरथरली, मिटली, त्यांनी ती जोर करून उघडली, ती पुन्हा मिटली. बाईंनी कवळी काढून हातात घेतली आणि पडदा सारून डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"तुमचे हे काका मला डोळा मारतात."

"काका?"

"दोनदा मारला. माझी तक्रार नाही. वयाच्या मानाने बरंच वाटलं. पण तुमच्या कानावर असावं."

डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या, तेव्हा काका आरशासमोर उभं राहून जखमेवर लावायची चिकटपट्टी किती लांब कापावी याचा अंदाज घेत होते.

"काका, ही कशाला?"

"नातीला चालवायला."

डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक माणूस तोंडात कापूस घेऊन ताटकळला होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी दहापर्यंत बॅगा दारापाशी येऊन पडल्या. मुलगी बाळाची बाटली शोधत होती, बायको ती तिच्याच हातात आहे असं सांगत होती. काका न्हाणीघरातून बाहेर आले ते डावी पापणी चिकटपट्टीने वर ओढून कपाळाला चिकटवूनच. पट्टी भुवईवरून गेली होती. उजवा डोळा नेहमीचा, आणि डावा असा, की कुणी नुकतीच धक्कादायक बातमी सांगितली आहे.

"अगं बाई!" बायको म्हणाली. "टॅक्सीवाला वर आला तर दार मी उघडीन. तुम्ही पुढे येऊ नका."

काका खिडकीखाली जमिनीवर बसले. तीन-चार हातांवर टिल्ली मोठ्या बॅगेच्या पट्ट्याला धरून उभी होती. तिने आजोबांकडे पाहिलं. हा माणूस ओळखीचा होता, पण याच्यापुढे बसायचं की नाही, याबद्दल तिच्याकडे काही सूचना नव्हती. ती तशीच उभी राहिली. काका तसेच बसले. पाच मिनिटं काहीही घडलं नाही.

पाच मिनिटं काहीही न घडताना बघत बसायची काकांना सवय नव्हती. "दात" हा शब्द दोनदा अगदी ओठांवर आला, दोनदा त्यांनी तो गिळला. मग हळूहळू त्यांना काय काय दिसायला लागलं. पोरीचा एक मोजा टाचेखाली गेला होता. विचार करताना ती तोंडाने श्वास घेत होती आणि त्याचा बारीक फुसफुस आवाज येत होता. मानेमागचे केस घामाने चिकटून त्यांचं एक छोटं शेपूट झालं होतं. दोन महिन्यांत तिचे हजारभर फोटो काढूनही हे शेपूट त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण तिची पाठ दिसली की ते "इकडे बघ" म्हणायचे.

टिल्ली पट्टीकडे बघत होती. पांढरी, चकचकीत, आजोबांच्या कपाळाला लागलेली, आणि वरचं टोक थोडं सुटलेलं. तिने बॅगेचा पट्टा सोडला. दोन्ही हात पुढे केले आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. मोज्यावरून घसरली, डावीकडे झुकली, पेपरवाला खरं बोलत होता. काका हलले नाहीत. त्यांनी नुसते हात जरा पसरले. टिल्ली पावलं टाकत त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली, एका हाताने त्यांचं नाक धरलं आणि दुसऱ्या हाताने चिकटपट्टीचं सुटलेलं टोक धरून ती सगळी ताकद लावून ओढली.

काकांनी मारलेल्या आरोळीने खालच्या आजी दारात आल्या.

"चालली!" काका कपाळ धरून ओरडत होते. "पाहिलंत का? पाहिलंत का कुणी?"

"आम्ही मंगळवारीच पाहिलं," बायको म्हणाली.

"आताचं! आताचं पाहिलंत का? फोटो काढलास का गं तू, फोनवर?"

"बाबा, माझ्या दोन्ही हातांत बॅगा आहेत." मुलीने एक बॅग खाली ठेवली. "कपाटाची किल्ली द्यायला सांगू का आईला? अजून वेळ आहे, परत चालेल ती."

काकांनी टिल्लीकडे पाहिलं. ती त्यांच्या मांडीवर बसून पट्टी उलटसुलट करून बघत होती. "नको," ते म्हणाले. "आत्ताच दमली असेल." तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला, आणि मग बॅगा, बाटली, मोजा या गडबडीत किल्लीचा विषय मागे पडला. टॅक्सी वळली तेव्हा मात्र काका खिडकीतून घाईघाईने म्हणाले, "अगं, किल्ली!" पण बायकोने किल्ली आणून देईपर्यंत रस्ता रिकामा झाला होता. त्याचा त्यांनी एक फोटो काढला. तो बरा आला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय, चालली का नात? दाखवा बघू फोटो."

"फोटो नाही."

गेल्या एकतीस वर्षांत हे उत्तर त्या दवाखान्यात प्रथमच ऐकू आलं होतं. बाई हातातलं काम ठेवून बघत राहिल्या. काकांचा नाइलाज झाला. त्यांनी साच्यांच्या फळ्यांमधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून दोन्ही हात पुढे केले, तोंडाने फुसफुस श्वास घेतला आणि टिल्ली कशी चालली ते चालून दाखवलं. घसरल्याचं दाखवलं, डावीकडे झुकल्याचं दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीतल्या माणसाला टाळ्या का वाजताहेत ते दिसेना, म्हणून काकांनी बाहेर येऊन त्याच्यासाठी वेगळं चालून दाखवलं. त्याचं तोंड आधीच उघडं असल्यामुळे त्याला किती आश्चर्य वाटलं ते कळलं नाही.

"किती पावलं म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"पाच."

घरी बायको म्हणत होती, चार. फोनवर मुलगी म्हणाली, चारच, तीही ओढूनताणून. पण पुरावा कुणाकडेच नव्हता, आणि साक्षीदारांमध्ये सगळ्यात जवळून आणि दोन्ही डोळ्यांनी पाहणारे काका होते. बुधवारी कवळी न्यायला आलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना त्यांनी सहा पावलं सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर करून विचारलं, "आणि तुमची डावी भुवई कुठे गेली?"

"तिच्याकडे राहिली," काका म्हणाले.

भुवई परत यायला दीड महिना लागला. तोवर पावलं अकरा झाली होती.