सिंगापुरातली फरशी

आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून गेला नाही. लोक म्हणतात, पोरीनं परदेश दाखवला, नशीबवान आहेस. असीन बापा. पण त्या चार दिवसांत काय झालं ते मलेच ठाऊक.

पोरगी माझी एकुलती एक. पुण्यात नोकरी करते, पुण्यासारखं बोलते. तिनं मले सिंगापूरले नेलं. हॉटेलात सतराव्या मजल्यावर खोली, आणि गादी अशी की बसलं की माणूस अर्धा आत जाते. पहिल्याच सकाळी मी सवयीनं पाचले उठली. आंघोळीले गेली तं तिथं काचेचं खोकं. दार लावलं की मले गुदमरे, म्हणून उघडं ठेवूनच आंघोळ केली. सारं पाणी बाहेर आलं.

आता आमच्या कामरगावात कोणाच्या घरी मुक्कामाले गेलं तं सकाळी आपलं अंथरूण आपण उचलायचं. पाहुणी चादर तशीच टाकून गेली की वर्षभर तिच्या नावानं बोलतात. मी चादरी काढून चार-चार घड्या केल्या, उशा रचल्या, पदर खोचला आणि गुडघ्यावर बसून फरशी कोरडी करायले लागली.

"आई, काय करतेस गं?" पोरगी पलंगावरून हसत होती, हातात मोबाईल.

"अवं, झाडायले बाई येईन ना? तिले कायले माझा पसारा उचलायले लावू? तिलेबी कंबर असन."

मले वाटलं, आमी दोघीच बोलून राह्यलो.

दुपारी एका मोठ्या जेवणाच्या ठिकाणी बसलो होतो. चहूकडं माशांचा वास, मी आपला दहीभात शोधून राह्यली होती. तेवढ्यात माझ्या जावेचा गावाहून फोन आला.

"बाई, तिकडं कामाले ठेवलं काय तुमाले? फरशी पुसून राह्यल्या ना! साऱ्या गावानं मोबाईलवर पाह्यलं वो!" तिच्या मागं चार-पाच जणी खिदळत होत्या. "पोछावाली विमानात बसली म्हणा की!"

ते नाव मले नवं नव्हतं. मालक गेल्यावर नऊ वर्षं मी कारंज्याले एस.टी.नं जाऊन तीन घरची भांडी घासली, फरशा पुसल्या. गावात मले त्याच नावानं हाका मारत. पोरगी लहान असताना शाळेतून रडत यायची, पोरी तिले 'पोछावालीची' म्हणत म्हणून. तिले नोकरी लागली तवा मी ते काम सोडलं, आणि हळूहळू ते नावही गेलं. आता परत आलं, ते कोणी आणलं तं माझ्याच पोरीनं!

"दाखव मले, काय टाकलं तू," मी म्हणलं. तिनं व्हिडिओ दाखवला. मी गुडघ्यावर, पदर खोचलेला, मागं गाण्याची धून. खाली लिहिलं होतं, 'आई परदेशात आली, सवय घरीच राहायला तयार नाही'. हसरी तोंडंही ओळीनं.

"काढ ते."

"आई, किती गोड आहे ते! लोक बघ ना काय लिहितायत, आई असावी तर अशी."

"त्या लोकायच्या शेजारी राहायचं नाही मले. मले कामरगावात राहायचं आहे."

"बरं, घरी गेल्यावर काढते. आत्ता छान चाललंय."

छान चाललंय! मी ताट सरकवलं. "मी तुझी आई आहे, माकड नाही खेळवायले. तुले ते नाव माहीत नव्हतं काय?"

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, "खरंच सांगू? मला आठवलंच नाही गं."

ती खोटं बोलली असती तं बरं झालं असतं. मी ते नाव इतकी वर्षं पाठीवर वागवलं, आणि ही विसरली! तिनं विसरावं म्हणूनच मी राबली असीन, मी नाही म्हणत नाही. पण विसरायचं तं असं, की आईले गुडघ्यावर पाहून हसू यावं?

तिनं तिथंच ते काढून टाकलं. काही उपयोग झाला नाही, जावेनं आपल्या मोबाईलमध्ये ठेवूनच घेतलं होतं. उरलेले दिवस आमी बागा पाह्यल्या, उंच इमारती पाह्यल्या. काय पाह्यलं म्हणाल तं मले सांगता येणार नाही.

गावात परत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी जाऊ माझ्याच ओट्यावर बायांले ते दाखवायले लागली. मी आतून आली आणि म्हणलं, "दाखव, सगळ्याईले दाखव. कारंज्यातही अशीच पुसत होती मी. पुसली म्हणून पोरगी शिकली. तुमी काय केलं तवा? नाव ठेवलं." बाया पदर सावरत उठल्या. चहाही कोणी मागितला नाही, मीही विचारला नाही.

रविवारी पोरीचा फोन आला. तिले ओट्यावरचं सांगितलं.

"मी येऊन बोलू का काकूशी?" तिनं विचारलं.

"काकूशी कायले? तिनं तं जे हाती आलं तेच दाखवलं," मी म्हणलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याआधी फोन ठेवला.