मथुराबाईंची जांभळी वेल

रुआबांधा वस्तीतल्या मथुराबाई स्टील प्लांटच्या कॅन्टीनमधून रिटायर झाल्या, तेव्हा घरामागच्या आंब्याखाली गवतसुद्धा धरत नव्हतं. त्यांनी तिथं जांभळ्या पट्ट्यांच्या पानांच्या एका वेलीची चार कांडं खोचली. दोन पावसाळ्यांत वेलीनं सगळी सावली झाकली आणि कुंपणाखालून शेजारच्या वंदनाच्या पालकाच्या वाफ्यात शिरली.

वंदना तणतणत आली. ती गेल्यावर मुलगा प्रवीण म्हणाला, "आई, हे सगळं उपटून फरशी टाकून घेऊ. झंझटच नको."

"कावून? वेलीले मोकळं मी सोडलं. चूक माही आहे, तिची नाही."

तरी दुसऱ्या सकाळी प्रवीणनं मिस्त्री आणलाच. मथुराबाई वेलीच्या मधोमध पाट टाकून बसल्या होत्या. "आधी मले उचल, मग फावडं मार," त्या म्हणाल्या. मिस्त्री फावडं खांद्यावर टाकून निघून गेला.

त्याच दिवशी त्या वंदनाच्या वाफ्यात उतरल्या. तुकडा राहिला तर पुन्हा फुटतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक कांडं मुळासकट वेचलं. मग कुंपणालगत वीतभर खोल चर खणून पत्र्याच्या पट्ट्या उभ्या गाडल्या. दर रविवारी त्या कडा छाटू लागल्या आणि छाटलेलं उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय बाहेर टाकेनात.

वंदनाची तक्रार पुन्हा आली नाही. प्रवीण मात्र अजून अधूनमधून फरशीचा विषय काढतो.

"मी जित्ती आहो तोवर नाही," मथुराबाई म्हणतात. "अन् मंग बी वेलीले विचारूनच टाकजो."