मरुदानल्लूरला मिळालेली पॉडकास्टची पहिली कमाई

पॉडकास्ट बंद करायचं मी साताऱ्यात ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी कुंभकोणमचं तिकीट काढलं. शेवटचा भाग तरी झोकात व्हावा, एवढीच इच्छा. ‘मुलूख सोडून’ हा माझा कार्यक्रम महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी माणसांचा. श्रोते जीव लावणारे, पण प्रवास, माइक, संकलन सगळं माझ्या पगारातून चालायचं. जाहिरात घेऊन आलं ते फक्त एक रमीचं ॲप, आणि कुणी आपल्या आईची भाषा सांगत असताना मध्येच पत्ते पिसणं माझ्या जिवावर आलं. श्रोत्यांकडे मागावं, तर आमच्या घरात मागणं म्हणजे हात पसरणं. थोडक्यात, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं चालू होतं आणि पीठ संपत आलं होतं.

पुण्याहून चेन्नई आणि पुढे कुंभकोणम, दोन्ही टप्पे रेल्वेने होतात. तिकीट मात्र आधी काढा. महामहम तलावाच्या आसपास हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते. मी सामान टाकलं आणि तडक बाजारात पांडुरंगरावांच्या दुकानी गेले. हे तंजावुरी मराठी गृहस्थ कॉफीच्या बिया भाजून, दळून विकतात आणि एकादशीला जवळच्या मरुदानल्लूर गावात भजन करतात. आमची ओळख फोनवरची. गिऱ्हाइकाशी त्यांचं तमिळ चालू होतं, मला पाहताच मराठी सुरू झालं.

“या हो, बसा. आधी काप्पी घ्या, मग बोलूं.”

पितळी पेल्यातली ती दाट, फेसाळ कॉफी प्यायले आणि रात्रभराचा शीण उतरला. मी त्यांचं बोलणं कौतुकाने ऐकतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. “आमची मराठी तुम्हांस पुराणी वाटेल,” ते म्हणाले. “काय करावें, नवी कोण्ही आणून दिली नाहीं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एकादशी. रिक्षाने साक्कोट्टैवरून मरुदानल्लूरला पोहोचलो. जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे मिळून पाचशे पडले. पांडुरंगरावांनी गळ्यात तुळशीमाळ घातली, खांद्याला पितळी पात्र अडकवलं आणि चिपळ्या वाजवत गल्लीतून गात निघाले. दाराशी थांबायचं, घरातून कुणीतरी पात्रात तांदूळ घालायचे, की पुढचं दार. याला उंछवृत्ती म्हणतात. माइक धरून मागे चालताना मला अगदी अवघडल्यासारखं झालं. बाजारात चालतं दुकान असलेल्या माणसाने हे का करावं?

विचारलंच मी. ते म्हणाले, “दुकान माझें, भजन गांवाचें.”

गल्लीच्या टोकाच्या कौलारू घरासमोर एक म्हाताऱ्या बाई वाट अडवूनच उभ्या होत्या. त्या रुक्मिणीअक्का, एकट्या राहतात.

“गेल्या एकादशीस कां थांबला नाहींत?” त्यांनी पांडुरंगरावांना विचारलं.

“अक्का, तुम्हांस कशास त्रास, म्हणून—”

“त्रास मी म्हटला काय? तांदूळ घेऊन उभी होतें. भजन माझ्या कानांनीं ऐकावें आणि तांदूळ माझ्या हातचे नकोत? मी ह्या गांवची नाहीं?”

पांडुरंगराव ओशाळले. तिथेच उभं राहून त्यांनी अख्खा अभंग पुन्हा म्हटला, तेव्हा कुठे अक्कांनी पात्रात तांदूळ घातले. मग मोर्चा माझ्याकडे. हातात काय आहे ते? मी सांगितलं, लोकांचं बोलणं टिपते, मग लोक घरी बसून ऐकतात.

“आणि देतात काय?”

“मी मागतच नाही.”

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “म्हणजे तूंही दारावरून तशीच जातेस,” म्हणाल्या, आणि एक मूठ तांदूळ माझ्या माइकच्या पिशवीत घातले. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

दुपारी कॉफीच्या दुकानात बसूनच मी भागाचा शेवट बोलले. आवडत असेल तर महिन्याला जमेल ते द्या, नाही दिलंत तरी ऐकायला मिळेलच. आवाज कापत होता, तो तसाच ठेवला. पांडुरंगराव ऐकत होते. “आमच्या पुडीची जाहिरात कराल? किती घ्याल?” मी आकडा पुटपुटले. “मोठ्यानें सांगा हो,” ते म्हणाले. मी मोठ्याने सांगितला, आणि त्यांनी तो मान्य केला. जाहिरात त्यांनीच म्हटली: “आमची पूड बरी आहे. न आवडली तर आम्हांस सांगा, आवडली तर दहा जणांस सांगा.”

तिसऱ्या दिवशी तिरुभुवनम् गाठलं. विणकरांच्या सोसायटीत जरीची साडी अंगावर लावून पाहिली आणि मुकाट्याने परत ठेवली. रेशीम घ्यायचं असेल तर इथूनच घ्या, आणि पाकीट माझ्यापेक्षा जड घेऊन जा.

साताऱ्यात परतल्यावर भाग प्रसिद्ध केला आणि धसका घेऊन फोन उपडा ठेवला. आठवडाभरात पुढच्या पर्वाचा खर्च निघाला. कोण पन्नास देतंय, कोण पाचशे. पांडुरंगरावांचा फोन आला, कराडपासून नागपूरपर्यंत पुड्या चालल्या आहेत: “ऐकणारे उदंड आहेत हो तुमचे.” बंद करायची गोष्ट मी परत काढली नाही.

त्यातच कराडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांचा निरोप आला: “ताई, पहिल्या भागापासून ऐकतोय. दर वेळी आमच्या दारावरून तशाच निघून जायचात. बरं झालं, थांबलात.”

तो मी दोनदा वाचला. मग माइकच्या पिशवीतले अक्कांचे तांदूळ काढले, आमच्या तांदळात मिसळले आणि भात लावला. घरच्यांना म्हटलं, पोटभर जेवा, माझ्या पॉडकास्टची पहिली कमाई आहे.