तर्रीचा मान

भंडारा जिल्ह्यात जन्मून भाताला ‘पुरे’ म्हणणारा माणूस आजवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा साळा. बायकोचे हे थोरले भाऊ आमच्याच गल्लीत राहतात. घरची धानाची शेती, पन्नाशीपर्यंत ताटात भाताचा डोंगर. मग त्यांचा एक दोस्त चहा पिता पिता छातीला हात लावून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी साळेभाऊंनी घरातला तेलाचा पिपा ताब्यात घेतला. सकाळी वहिनींना चार चमचे तेल मोजून द्यायचं, मग पिपा आलमारीत आणि किल्ली कमरेला. खिशात सदा जवसाची पूड. ती वरणावर, पोह्यांवर, एकदा तर माझ्या चहात. “दिलासाठी चांगली असते, भाऊजी!” एसटीची वाट पाहताना ते फलाटावर बैठका काढतात. एकदा कंडक्टरनं विचारलं, “काका, तिकीट फाडू, का पळतच येता लाखांदूरले?” साळेभाऊ खरोखरच विचारात पडले.

मी या साऱ्यावर पोट धरून हसायचो. धरायला पोटही भरपूर होतं.

आता खरं लिहितो. त्यांचे रिपोर्ट सगळे चांगले होते. वाईट रिपोर्ट माझा होता. हृदयाची एक नळी अरुंद झाली आहे, तेल तोडा, रोज चाला, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी रिपोर्ट रजयांखाली दडपला आणि गोळ्या ॲसिडिटीच्या म्हणून बायकोसमोर गिळू लागलो. भीती होतीच, पण ज्याला हसलो त्याच्याच मागे जवस चघळत फिरायचं, याची लाज जास्त होती.

त्यात सिहोऱ्याला साळेभाऊंच्या लेकीच्या सासरी अधूनमधून मटणाचं जेवण असायचं. आमच्याकडे रश्शावर तरंगणारी लाल तेलाची तर्री पाहुण्याच्या वाटीत आधी पडते. ती नाकारली तर यजमानाचं तोंड उतरतं. व्याह्यांची पाठ वळली की साळेभाऊ आपली तर्री माझ्या वाटीत ओतत. “घ्या जी, जवायाचा मान हाय!” नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी दोघांची तर्री प्यालो. एकदा नाही, दर खेपेला.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला कारध्याच्या पुलावर ओढत नेलं. अर्ध्यातच मला धाप लागली, आणि कठड्याला टेकून मी रिपोर्टचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता भाषण होणार. ते वैनगंगेकडे तोंड करून चष्मा पुसत बसले.

“मीच माह्या हातानं ओतून राहिलो होतो ना जी,” ते हळूच म्हणाले. “मले काहून नाही सांगितलं?”

“तुमी हासले असते.”

“हासलोच असतो. मंग हात धरून चाललो असतो.”

त्याच दिवशी बायकोला सांगितलं. ते शेजारी बसून होते. तिनं रिपोर्ट मागितला, तेव्हा रजया त्यांनीच उचलल्या.

आता आम्ही रोज चालतो. वाऱ्यासारखे जाणारे साळेभाऊ हल्ली माझ्या बरोबरीनं, रेंगाळत चालतात. गुडघा धरला, म्हणतात. काल त्यांना देवळाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढताना पाहिलं. आज सकाळी विचारलं, “गुडघा कसा हाय?”

“बहुत दुखून राहिला जी,” ते म्हणाले, आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.