दक्षिणेकडच्या घरात ठेवलेलं गाठोडं

बंगलोरचं पत्र आलं तेव्हा मी पांढुर्ण्याच्या आमच्या बँकेत ड्राफ्ट लिहीत बसले होते. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, हेडऑफिसात हिंदीचा नवा विभाग उघडला आहे, तिथं धड हिंदी लिहिणारं माणूस मिळत नाही, तर एका वर्षासाठी तुम्हाला मागितलं आहे. वर्ष संपलं की परत इथंच, याच खुर्चीवर. आता आमच्या पांढुर्ण्यात मराठी बोलता बोलता माणूस हिंदीत कधी शिरतो हे त्याचं त्याला कळत नाही. मी तर हिंदीत एम.ए. केलेलं. पण या गुणाची कोणाला इतक्या लांब गरज पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मला जायचं होतं, हे आधीच सांगून टाकते. हेडऑफिसचं कॅलेंडर दरवर्षी माझ्या काउंटरसमोर टांगलेलं असायचं. त्यात एका पानावर बंगलोरचा एक रस्ता होता, दोन्ही बाजूंनी जांभळ्या फुलांची झाडं आणि खाली फुलांचा सडा. बाहेर मे महिन्याचं ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, समोर कापसाचे अडते एकमेकांवर खेकसताहेत, आणि मी त्या रस्त्याकडे पाहत शिक्के मारायची. त्या रस्त्यावरून एकदा तरी चालायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. चाळिशी आली होती, पोरगा नागपूरला होस्टेलात होता. आता नाही तर कधी?

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "पाहू." हे शाळेत विज्ञान शिकवायचे. यांचं 'पाहू' म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत. दुसऱ्या दिवसापासून हे गावभर विचारत सुटले. स्टाफरूममध्ये विचारलं, पानठेल्यावर विचारलं, तिगावला लग्नाला गेले तर पंगतीत विचारलं. ज्यांना विचारलं त्यातलं नागपूरच्या खाली कोणी गेलेलं नव्हतं, पण बंगलोरची खडान्‌खडा माहिती प्रत्येकाला होती. तिथं तिन्ही वेळा भातच खातात. वरणालासुद्धा खोबऱ्याच्या तेलाची फोडणी देतात. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागतो. आणि खोली घ्यायची तर घरमालक दहा महिन्यांचं भाडं आधीच ठेवून घेतो. हे शेवटचं तेवढं खरं होतं, ते मॅनेजरसाहेबांनीही सांगितलं होतं. शहर सुंदर आहे, बाई, पण खिशाला फार जड आहे, असं ते म्हणाले होते.

सौसरहून माझे बाबा संत्र्यांची थैली घेऊन बसनं आले. मला वाटलं, चला, माहेरचं माणूस आलं, आता दोन शब्द माझ्या बाजूनं पडतील. बाबा जेवले, पान खाल्लं आणि म्हणाले, जावईबापू म्हणतील तसं. अन् गेले. त्या थैलीतलं एकही संत्रं मी खाल्लं नाही, इतका मला राग आला होता. सगळ्यांनी सगळं विचारलं, पण तुला जायचं आहे का बाई, हे एकानंही विचारलं नाही. सगळ्यांचा घोर एकच, मास्तरांच्या जेवणाचं काय? आता मास्तरांची आई घरात धडधाकट होती आणि मास्तरांना स्वतःला दोन हात होते. पण चहा करायला म्हणून हे एकदा चुलीशी गेले तेव्हा आधी साखर कुठं आहे ते विचारलं, मग पत्ती, मग पाणी ठेवायचा गंज, म्हणजे पातेलं, आणि शेवटी मला हाक मारली.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. निवडणं-टिपणं करत ऐकत राहायच्या. मला वाटायचं, या यांच्याच बाजूच्या. एक दिवस त्यांनी एवढंच विचारलं की बंगलोर कोणत्या दिशेला येते. मी म्हटलं, दक्षिणेला. त्यांनी पंचांग काढलं, बोटांवर मोजलं आणि सांगितलं की हजर व्हायची तारीख अशी आहे की निघावं लागेल ते पंचकात, आणि पंचकात दक्षिणेला कोणी जात नसते.

हे ऐकून आमच्या विज्ञानशिक्षकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पंचक-बिंचक मी मानत नाही, हे म्हणाले, पण आईचं मन कसं मोडाचं? आई म्हणाल्या, मन मोडाचं काम नाही, परस्थान ठेवून देऊ.

आमच्याकडे अशी रीत होती. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एक गाठोडं, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आपल्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू. माणूस राहतो घरीच, पण त्याचं निघणं झालं असं धरतात. मग वाईट दिवशीही गाठोडं उचलून खुशाल गाडी गाठावी. जायचं की नाही हे अजून ठरलंच नव्हतं, पण ह्यांना वाटलं, ठेवल्यानं काय बिघडते? "ठेव ना आई," हे म्हणाले, "मी कुठं मानतो."

आईंनी त्याच दिवशी माझी पैठणीच्या काठाची साडी आणि माझं मनगटी घड्याळ तांदळासोबत बांधलं आणि भर बाजाराच्या वेळी, सगळ्यांच्या दारावरून, दक्षिणेकडच्या कोपऱ्यावरच्या काकूंकडे नेऊन ठेवलं. काकूंच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनापलीकडे जायची.

तिथून माझी पंचाईत सुरू झाली. मी घरातच होते, पण गावाच्या हिशेबात मी निघून गेले होते. भाजीवाली म्हणायची, अवं बाई, तू अजून इथंच? बायका ओटी भरून गेल्या. बँकेत शिपायानं माझ्या टेबलावरची चांगली खुर्ची दुसऱ्या टेबलाला लावली. वेळ पाहायची तर काकूंच्या घरी जायचं, त्या गाठोड्याला कान लावून म्हणायच्या, चालू आहे, पण किती वाजले ते सोडल्याशिवाय कसं सांगू? तिगावच्या लग्नघरी मांडवपरतणीचं जेवण होतं, तर मी विटक्या साडीत गेले, चांगली साडी बंगलोरच्या वाटेवर होती ना.

शेवटी एका दुपारी जेवण झाल्यावर ह्यांनी निकाल दिला. खूप विचार केला, म्हणाले, शहर सुंदर असेल, पण तुझा पगार तिथल्या खोलीतच जाईल. एका वर्षासाठी कशाला जिवाची ओढाताण? उद्या साहेबांना नाही म्हणून सांग. मी ताट उचललं आणि मोरीशी जाऊन रडले. मला त्या जांभळ्या फुलांचं नाव माहीत नव्हतं आणि आता ते कधीच कळणार नव्हतं.

मग ह्यांनी आईंना सांगितलं, ते गाठोडं तेवढं घेऊन ये. आई सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, परस्थान वापस येत नसते. जाणाराच्या जिवाले ते चांगलं नाही. हे म्हणाले, मी मानत नाही. आई म्हणाल्या, मग तूच आण.

हे चपला घालून तरातरा गेले. पुढचं काकूंनी मला नंतर सांगितलं. त्यांनी काही आडकाठी केली नाही, गाठोडं कोठीवरून काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. हे पाहत राहिले. आतलं घड्याळ टिकटिक करून राहिलं होतं. काकूंनी चहा दिला, तो घेतला. दुसरा दिला, तोही घेतला. मग यंदाच्या संत्र्याच्या बहराविषयी बोलले, उठले आणि रिकाम्या हातानं घरी आले. दारातूनच म्हणाले, काकू घरी नव्हत्या.

आईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"बाबू, तू लहान होता तव्हा माह्या भावानं मले रामेश्वरले न्याचं ठरवलं होतं. परस्थान ठेवलं. तुह्या आजीले वाटलं, घरचं कोण करंन? तिनं ते गाठोडं वापस आणलं." मग माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "त्याच्यापासून मी कुठं गेली, सांग."

 ह्यांनी दारातच चपला काढल्या. मग चुलीशी गेले आणि आईंना विचारलं, साखर कुठं आहे?

मी पंचकात निघाले. काकूंकडून गाठोडं उचललं, घड्याळ हातावर बांधलं आणि मागं वळून न पाहता स्टेशन गाठलं. पण त्याआधी एक काम करून ठेवलं होतं. आईंच्या एका लुगड्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधून ते काकूंच्या कोठीवर ठेवलं होतं, आणि काकूंना सांगितलं होतं की ही गोष्ट लपवायची नाही.

त्यांनी ती कशाला लपवली असती? दिवाळीच्या सुट्टीत हे आईंना घेऊन बंगलोरला आले. माझी खोली एवढीशी होती, भाडं मात्र एवढंसं नव्हतं. ह्यांनी सकाळी उठून सगळ्यांसाठी चहा केला, चांगला झाला होता. मग आम्ही आईंना त्या रस्त्यानं हिंडवून आणलं. फुलांचा तेव्हा हंगाम नव्हता, पण झाडं हिरवीगार होती. आईंनी बुंध्याला हात लावून पाहिला, बरं आहे म्हणाल्या.

घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्यांचं गाठोडं अजून तसंच बांधलेलं आहे. मी म्हटलं, आई, पोहोचलात ना, आता सोडा ते.

आईंनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि गाठ आणखी घट्ट केली.

"हे त बंगलोर आहे," त्या म्हणाल्या. "माहं परस्थान रामेश्वरचं होतं."

आमच्या ह्यांनी कप खाली ठेवला, पायात चपला घातल्या आणि तिकिटं कुठं मिळतात ते विचारायला खाली गेले.