चतुराबाईची बाटल्यांची टोपली

वाशीमच्या बाजाराच्या दिवशी चतुराबाई डोक्यावर दोन टोपल्या घेऊन निघायची. खालच्या मोठ्या टोपलीत वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. वरच्या लहान टोपलीत अख्ख्या गावाच्या दवाईच्या रिकाम्या बाटल्या. भाजी विकून तिचं पोट भरायचं आणि बाटल्या भरून आणल्यामुळे तिचा रुबाब वाढायचा. रुबाब तिला पोटाइतकाच प्यारा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिलाही ते नाकबूल नव्हतं.

साल एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचं असेल. गाव मेडशीकडे जाणाऱ्या सडकेच्या आत, वाशीमपासून चार कोसांवर. सरकारनं तालुक्याला एक डॉक्टर दिला होता आणि त्याच्यामागे शेकडो गावं लावून दिली होती. त्यानं दवाखाना पाहायचा, मुडदे फाडायचे, कोर्टात साक्ष द्यायची, देवी टोचायच्या आणि कुठं पटकीची साथ लागली की टांगा जोडून तिकडे धावायचं. उरलेल्या वेळात तो नवे रोगी तपासायचा. त्यासाठी सकाळी पत्र्याचे बिल्ले वाटत. ज्याला बिल्ला मिळाला त्यानं दिवसभर ओट्यावर बसायचं. डॉक्टर मधेच उठून गेला तर धर्मशाळेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बिल्ला घ्यायचा. पेरणी-कापणीच्या दिवसांत एवढी सवड कोणाला होती?

जुन्या रोग्याचं मात्र सोपं होतं. त्याच्या बाटलीवर नावाची चिठ्ठी आणि डोसाच्या खुणांची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. ती बाटली बाजूच्या खिडकीवर ठेवली की कंपाउंडर किसनसिंग चिठ्ठी वाचायचा आणि तीच दवाई पुन्हा भरून द्यायचा. माणूस लागत नसे. चतुराबाईनं ही खिडकी हेरली आणि तिचं नशीब उघडलं. दहा-बारा बाटल्या ती बघता बघता भरून घ्यायची. किसनसिंगाला चार वांगी दिली की तो तिला रांगेतही उभं करत नसे.

तिला वाचता येत नव्हतं. बाटल्या ओळखायला ती त्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधायची. हे दोरे जैतुनबी द्यायची. जैतुनबीचा नवरा हबीब गावचा पिंजारी. तो कापूस पिंजायचा आणि ती गाद्या-रजयांना टाके घालायची. टोपलीत बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून हबीबच तिला रद्दी कापूस द्यायचा. त्या कापसाच्या जिवावर चतुराबाईच्या हातून इतक्या वर्षांत एक बाटली फुटली नव्हती, आणि हे ती ज्याला त्याला ऐकवायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे जैतुनबीला ताप येऊ लागला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, रात्री घामानं अंथरूण भिजायचं. हबीबला मागच्या साली असाच हिवताप आला होता. तेव्हा तो दोन दिवस खर्ची घालून डॉक्टरला दाखवून आला होता आणि त्याची बाटली घरात होतीच. मग नव्यानं बिल्ल्यासाठी कोण बसणार? शिवाय बाईमाणसाला परक्या पुरुषासमोर तपासायला न्यायचं, हेही होतं. चतुराबाईनं लाल दोऱ्याची ती बाटली नेली, किसनसिंगानं "हबीब पिंजारी, हिवताप" असं वाचून ती भरून दिली आणि जैतुनबी कडूझार दवाई पिऊ लागली. गावात घरोघर असंच चाले. घरातला एकजण डॉक्टरनं पाहिला की त्याची बाटली साऱ्या घराची होई.

पहिली बाटली संपली, दुसरी संपली. ताप हटेना. जैतुनबीच्या कानात घूं घूं आवाज येऊ लागला, सुईत दोरा ओवेना. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी चतुराबाई बाटली न्यायला गेली, तर जैतुनबी भिंतीला टेकून वाकडी बसलेली. तोंड पिवळं पडलेलं, श्वास अर्ध्यावर तुटत होता.

"आडवी काहून होत नाई वं?" चतुराबाईनं विचारलं.

"होता येत नाई मावशी. या कुशीवर झोपलं का खांद्यालोक कळ जाते." जैतुनबीनं उजव्या फासळ्यांवर हात ठेवला होता. तो ती उचलतच नव्हती.

चतुराबाईनं तिला सावरून बसवायला हात घातला आणि बोटं त्या फासळ्यांना लागली. जैतुनबी ओरडली नाही. ओरडण्याइतका श्वासच तिच्यात नव्हता. तिनं फक्त चतुराबाईचं मनगट असं धरलं की नखं रुतली.

हबीब दारातून म्हणाला, "बाटली घेऊन जाय मावशी. या खेपेले जरा कडक दे म्हणा."

 हिवतापानं अंग मोडतं, डोकं ठणकतं, हे चतुराबाईनं शंभर घरांत पाहिलं होतं. एका कुशीत असं रुतून बसलेलं दुखणं तिनं पाहिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात वारलेल्या कस्तुराबाईची आठवण तिला आली. तिलाही सासऱ्याची बाटली चालू होती.

"बाटलीचं काम नाई हे," ती म्हणाली. "दौलतरावाचा छकडा मांग. इले घेऊन जाऊ."

पहाटे छकडा निघाला. खाली कडबा, वर दोन गाद्या, तरी प्रत्येक खड्ड्यागणिक जैतुनबीच्या तोंडून कण्हणं निघायचं. हबीब बैलांना मारतही नव्हता आणि हळूही चालवत नव्हता. त्याला काय करावं तेच समजत नव्हतं. चतुराबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाटल्यांची टोपली सवयीनं तिच्या शेजारी आली होती, आणि त्यात लाल दोऱ्याची बाटलीही. ती काढून ठेवायचं तिला सुचलंच नाही.

दवाखान्यापुढे पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बिल्ले केव्हाच संपले होते. ओट्यावर पंधरा-वीस माणसं बिल्ले मुठीत धरून बसली होती, आणि फाटकापाशी डॉक्टरचा टांगा जोडलेला उभा होता.

"कुठं चालले साहेब?" चतुराबाईनं टोपलीसकट खिडकीशी जाऊन विचारलं.

"शिरपूरकडे पटकी लागली," किसनसिंग म्हणाला. "तार आली. चार दिवस लागतात का आठ, मले ठाव नाई. हे बिल्लेवालेही तसेच राह्यतात आता."

"एक बाई आणली किसनसिंगभाऊ. लय बेजार हाय. तेवढी पाहू द्या."

"कोण बाई?"

"हबीब पिंजाऱ्याची."

किसनसिंगाची नजर टोपलीकडे गेली. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून लाल दोऱ्याची बाटली उचलली आणि चिठ्ठी वाचली. "हा तर जुना रोगी हाय. हिवताप. थांब, भरून देतो." त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. उलट आपण हिचं काम चटकन केलं, असंच त्याला वाटत होतं. त्यानं बरणी तिरपी केली, बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच मारलं आणि तिच्या हातात दिली. "घे. डोस वाढवून दे म्हणा. घरी घेऊन जाय तिले."

चतुराबाई भरलेली बाटली हातात धरून उभी राहिली. "भाऊ, चिठ्ठी नवऱ्याची हाय. तिले कोणं पाह्यलंच नाई."

"मंग इतके दिवस कोणाची दवाई नेऊन राह्यली तू?" किसनसिंग वैतागला. "जाय, आता मले कामं हायेत."

ती छकड्यापाशी आली. जैतुनबीनं बाटली पाहिली आणि डोळे मिटले. "भेटली ना दवाई? चाल मावशी, घरी चाल. आता मले हालवू नका." हबीबनं कासरा हाती घेतला. दवाई मिळाली म्हणजे काम झालं, हे त्याच्या आजवरच्या हिशोबाला धरूनच होतं. चतुराबाईच्याही हिशोबाला ते धरून होतं. बैल वळवले असते तर तिला कोणी बोल लावला नसता. आणि जैतुनबी घरी पोचली नसती, हेही त्या क्षणी तिला स्वच्छ कळत होतं.

डॉक्टर बाहेर आला. हातात पेटी, डोळे जागरणानं लाल. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली, कोणी हात जोडले, कोणी बिल्ला वर धरून दाखवला. तो कोणाकडे न बघता खाली उतरला. बघितलं असतं तर त्याला निघता आलं नसतं.

चतुराबाई टांग्याच्या आडवी गेली. "साहेब, एक बाई हाय."

"औषध मिळालं ना?" त्यानं तिच्या हातातल्या बाटलीकडे पाहून म्हटलं. "मग घरी जा."

त्यानं पायरीवर पाय ठेवला. चतुराबाईनं हात उगारला आणि भरलेली बाटली टांग्याच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटली. काच फुटली, दवाई डॉक्टरच्या पाटलोणीवर उडाली, घोडा बिचकून मागे सरला.  तिच्या तळहातातून रक्त येत होतं आणि लाल दोरा बाटलीच्या तुटक्या गळ्याला लोंबत होता.

"आता बाटली नाई साहेब," ती म्हणाली.  "आता माणूसच पाहा लागते."

डॉक्टर संतापला. तिकडे माणसं पटापट मरताहेत आणि इथं हा तमाशा, असं काहीतरी तो बोलला. पण पाय पायरीवरून खाली आला होता. तो तरातरा छकड्याकडे गेला, जैतुनबीच्या डोळ्यांची पापणी त्यानं ओढून पाहिली, मग दोन बोटांनी फासळ्यांच्या फटीत हलकेच दाबलं. ती कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातेसारखी ताणली गेली. डॉक्टरचा राग तिथल्या तिथे उतरला.

"हिला हिवताप कोणी सांगितला?"

हबीबनं खिडकीकडे पाहिलं.

"आधी कोणी तपासलं होतं?"

"कोणी नाई साहेब," चतुराबाई म्हणाली. "बाटलीच येत होती."

त्यानं टांगेवाल्याला घोडा सोडायला सांगितलं. हबीब आणि किसनसिंगानं जैतुनबीला गादीसकट आत नेलं. चतुराबाई तिच्या उशाशी उभी राहिली, कारण जैतुनबीनं तिचा पदर सोडला नव्हता. डॉक्टरनं जाड सुई उकळून घेतली, फासळ्यांमधून आत घातली, आणि विटकरी रंगाचा पू वाटीत येऊ लागला. एक वाटी भरली, दुसरी भरली. उजव्या फासळ्यांखाली यकृतात गळू झालं होतं. अजून एक-दोन दिवसांत आतल्या आत फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाला. तिसऱ्या वाटीच्या वेळी जैतुनबीनं पहिल्यांदा पुरता श्वास घेतला.

मग डॉक्टरनं हात धुतले, सुया कोणत्या दिवशी द्यायच्या ते किसनसिंगाला सांगितलं आणि तो शिरपूरच्या वाटेला लागला. ओट्यावरची माणसं तशीच राहिली. हेमसिंग नावाचा एक म्हातारा पायाला फडकं गुंडाळून पहाटेपासून बसला होता. तो नुसता बिल्ला बोटांत फिरवत राहिला. चतुराबाईला त्याच्याकडे बघवेना. आपण काही चोरलं नाही हे तिला कळत होतं, तरी चोरासारखं वाटत होतं.

जैतुनबी तीन आठवड्यांनी घरी आली. हाडांचा सापळा झाली होती, पण चालत आली. गावानं चतुराबाईचं कौतुक केलं आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बाटल्या तिच्या ओसरीवर नेहमीसारख्या येऊन बसल्या.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. किसनसिंग खिडकीत चिठ्ठ्या वाचायचा ते तिच्या कानात होतं. बबनराव, इंद्रभान, इस्माईल, दौलतराव. इतक्या वर्षांत त्यानं एका बाईचं नाव वाचलेलं तिला आठवेना. आणि बाटल्या तिच्या ओसरीवर आणून ठेवणाऱ्या मात्र सगळ्या बायकाच. तिनं टोपली घेतली नाही. एक बाटली उचलली आणि ती इंद्रभानच्या घरी गेली. इंद्रभान अंगणात लाकडं फोडत होता, घामानं डबडबलेला, धडधाकट. त्याची बायको रुखमाबाई चुलीपाशी होती.

"ही बाटली कोणाची?" चतुराबाईनं विचारलं.

"धन्याची. खोकल्याची," रुखमाबाई म्हणाली. "तुले ठाव हायच की."

"अन् पेते कोण?"

रुखमाबाईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग पदर तोंडाला लावून ती खोकली, बराच वेळ खोकली, आणि पदर घाईनं मुठीत चुरगळून घेतला.

"मीच," ती म्हणाली.

चतुराबाईनं बाटली तिच्या चुलीशेजारी ठेवून दिली.

"सकाळी लुगडं बदलून तयार राह्य," ती म्हणाली. "बिल्ल्यासाठी बसा लागते. मी बसतो तुह्यासंगं."